सहा महिन्याच्या बाळाला वरणाचं पाणी नको, वरण द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

सप्टेंबर संपला की दरवर्षी तुमच्या जिल्हा पानावर पोषण माहाचे फोटो येतात. रांगोळी, रॅली, पाककृती स्पर्धा, पाहुण्यांचा सत्कार, मी ते सगळे बघते कारण मी स्वतः अंगणवाडीत सेविका होते, आता निवृत्त आहे, आणि त्या फोटोतल्या बाया त्या एका दिवसासाठी किती राबतात ते मला चांगलं माहिती आहे. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण इतक्या वर्षांच्या फोटोंमधे आणि बातम्यांमधे एक गोष्ट कधीच आली नाही, ती म्हणजे सहा-सात महिन्याच्या बाळाच्या वाटीत रोज नेमकं काय असतं. तेवढ्यासाठी हे पत्र लिहितेय. मोठं झालंय, जागा नसेल तर बाकीचं कापा पण वाटीबद्दलचं कापू नका ही विनंती.

वाटीत काय असतं सांगते. वरणाचं पाणी. कुकर उघडला की शिजलेली डाळ खाली बसलेली असते आणि वर पिवळसर पाणी आलेलं असतं, ते पाणी अलगद वाटीत ओतून घ्यायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि बाळाला मांडीवर आडवं घेऊन चमच्याने नाहीतर बोंडल्याने पाजायचं. डाळ राहते कुकरात, ती मोठी माणसं खातात. भाताचंही तेच, वरची पेज बाळाला आणि शितं आपल्याला. बाळ गटागट पितं, पोट टम्म होतं, झोपतं, घरात सगळे खूश की बाळ खायला लागलं. अहो पण त्या पाण्यात आहे काय? थोडं मीठ, थोडी चव, थोडासा स्टार्च. प्रोटीन डाळीत राहिलं, लोह डाळीत राहिलं. आणि सहा-सात महिन्याच्या बाळाच्या पोटात जागा किती असते, तर वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सात किलोच्या बाळाला एका वेळी दोनशे ग्रॅमच्या आसपास. एवढीशी जागा पाण्याने भरून टाकली तर त्याने अंगावर कुठे प्यायचं आणि खायचं कुठे.

हे फक्त गरिबाच्या घरात होतं असं कोणी समजू नये. बंगल्यात पण बघितलंय, शिकलेल्या घरात तर त्याला सूप म्हणतात, गाजराचं सूप, टोमॅटोचं सूप, मिक्सरमधून काढून परत गाळणीने गाळून. म्हणजे जे पोटात जायला पाहिजे ते गाळणीत ठेवायचं.

सहा महिन्यापर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणी सुद्धा नाही, हे आता बऱ्यापैकी लोकांना पटलंय. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्याच्या आतली १०० पैकी साधारण ७१ बाळं फक्त आईच्या दुधावर होती, आणि त्यामागे आशाताईंचे, नर्सबाईंचे, सेविकांचे कष्ट आहेत. पण सहा महिन्यानंतरचं गाडं तिथेच अडकलंय. त्याच सर्वेक्षणात देशातली ६ ते ८ महिन्याची बाळं बघितली तर दुधाबरोबर घट्ट किंवा अर्धवट घट्ट खाणं मिळणारी १०० मधे ४६ च्या आसपास. आणि ६ ते २३ महिन्यातली ज्यांना वयाप्रमाणे पुरेसा आहार मिळतो, म्हणजे पुरेशा वेळा आणि पुरेसे प्रकार, ती १०० मधे फक्त ११. अकरा! मी हा आकडा पहिल्यांदा ट्रेनिंगमधे ऐकला तेव्हा शेजारच्या बाईला विचारलं की मी बरोबर ऐकलं ना.

याचा परिणाम वजनाच्या तक्त्यावर डोळ्याने दिसतो. पहिले पाच-सहा महिने बाळाची रेघ छान वर चढते, पाच महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट वजन होतं, आई खूश, आजी खूश, आणि सातव्या-आठव्या महिन्यापासून रेघ आडवी व्हायला लागते. बाळ आजारी नसतं, हसतं, खेळतं, म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. मग नववा, दहावा, रेघ हिरव्यातून पिवळ्यात, आणि एक दिवस आम्ही म्हणतो बाळ मॅममधे, म्हणजे मध्यम कुपोषणात गेलं, मग सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, मग कुपोषित बाळांसाठीचं ग्राम बाल विकास केंद्र, मग सगळी धावपळ. ती धावपळ झालीच पाहिजे पण जे चुकलं ते सहाव्या-सातव्या महिन्यातच चुकलेलं असतं.

आईचं दूध सहा महिन्यानंतर निकामी होतं का, तर मुळीच नाही, हे मोठ्याने सांगायला पाहिजे कारण वरचं सुरू केलं की लगेच अंगावरचं तोडणाऱ्या पण आहेत. सहा महिने ते एक वर्ष या काळात बाळाला लागणाऱ्या ताकदीतला अर्धा किंवा त्याहून जास्त भाग आईच्या दुधातूनच येतो, दुसऱ्या वर्षात पण एक तृतीयांश येतो, जागतिक आरोग्य संघटना सांगते दोन वर्ष आणि त्यापुढेही पाजा. प्रश्न उरलेल्या भागाचा आहे. ६ ते ८ महिन्यात वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यात ३००, वर्षानंतर ५५०. आणि सगळ्यात मोठी खोट लोहाची. आईच्या दुधात लोह मुळातच कमी असतं, बाळ पोटात असताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं आणि त्यावर सहा महिने काढतं, बाळ कमी वजनाचं किंवा कमी दिवसाचं असेल तर साठा त्याआधीच संपतो. आपल्याकडे आईच्याच अंगात रक्त कमी. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षाच्या १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय आहे, हा त्याच सर्वेक्षणाचा आकडा. वरणाच्या पाण्याने ही लोहाची खोट कशी भरून निघणार?

आता द्यायचं काय आणि कसं. वेगळा स्वयंपाक अजिबात लागत नाही, हे मी शंभर घरी सांगितलं तरी पटत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. घरात वरण-भात होतोच. फोडणी घालायच्या आधी, तिखट-मीठ पडायच्या आधी दोन चमचे शिजलेली घट्ट डाळ आणि तेवढाच मऊ गुरगुट्या भात बाजूला काढायचा. हात साबणाने धुवायचे, बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून दाबून कुस्करायचं, मिक्सरमधे फिरवायचं नाही. त्यात एक छोटा चमचा तूप, तूप नसेल तर घरातलं तेल चालतं, एका चमच्यात ४५ कॅलरी मिळतात आणि घास पण सुळकन जातो. मग चमचा भरून तिरका करायचा. खाली ओघळलं तर पातळ आहे, चमच्यावर थांबून हळूच घसरलं तर बरोबर आहे. एवढीच परीक्षा. पातळ झालं तर अजून एक चमचा डाळ घाला, पाणी घालू नका. दोन थेंब लिंबू पिळलं तर अजून चांगलं, डाळीतलं लोह अंगी लागतं.

सुरवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, मग वाढवत वाढवत आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, मधे एखादं केळं, उकडलेलं रताळं, चिकू, पपई. मिक्सर का नको तर बाळाला जीभ फिरवायला, हिरडीने चावायला शिकायचं असतं, दहाव्या महिन्यापर्यंत पेस्टच देत राहिलात तर मग दोन वर्षाचं झालं तरी पोळी खात नाही अशी तक्रार घेऊन बाया येतात. दात आले नाहीत म्हणून थांबायचं काही कारण नाही, हिरड्या पुरतात.

पहिले काही दिवस बाळ जिभेने घास बाहेर ढकलतं. लगेच घरात निकाल लागतो, त्याला आवडत नाही, बंद करा. अहो सहा महिने त्याने फक्त ओढून प्यायलंय, घास मागे न्यायची सवय व्हायला वेळ लागणारच. एखादी नवी चव बाळाने घ्यायला आठ-दहा वेळा द्यावी लागते. आज भोपळा थुंकला तर परवा परत द्या, चेहरा वाकडा केला म्हणजे नको असं नसतं. आणि घशात अडकेल ही भीती, ती मला समजते, पण ओकारीसारखं तोंड करणं आणि श्वास अडकणं वेगळं. ओकारी आली की बाळ खोकतं, घास पुढे आणतं, ते त्याचं रक्षण आहे. बाळाला आधाराने ताठ बसवून भरवायचं, आडवं पाडून ओतायचं नाही, आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, लाह्या असलं काही हातात द्यायचं नाही. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट खाण्यात मिसळून चालतं, उलट चांगलंच.

एकच पदार्थ रोज नको. आठ गट सांगितलेत, आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गाजर-भोपळा-पालेभाजी-आंबा असली पिवळी हिरवी भाजी-फळं, आणि बाकीची भाजी-फळं. आठपैकी पाच रोज पोटात गेले पाहिजेत. आपल्याकडे काय नाही? मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून, नाचणीची खीर, मेतकूट-भात, पालक नाहीतर शेवग्याचा कोवळा पाला डाळीतच शिजवून, कोकणात काटा नीट काढलेला मासा, देशावर रविवारी मटण-चिकन होतं तेव्हा कलेजीचा एक तुकडा मऊ शिजवून कुस्करून, त्यात लोह पण भरपूर आणि अ जीवनसत्त्व पण. नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून ठेवलं तर ते पीठ घट्ट शिजवलं तरी गिळायला हलकं होतं, मोड आल्यावर धान्यातला स्टार्च फुटायला लागतो म्हणून. आपल्या आज्ज्या हे करत होत्याच. फक्त सत्त्व काढताना फडक्यातून इतकं गाळतात की निम्मं फडक्यात जातं, ते तेवढं कमी करा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते टाकून कशाला द्यायचं.

अंड्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण यावर मी खूप वाद घातलेत. जी घरं अंडी खातात त्या घरात सुद्धा बाळाला अंडं देत नाहीत, उष्ण पडतं म्हणून, नाहीतर वर्षाचं होऊ दे म्हणून, नाहीतर पांढरं नको फक्त पिवळं म्हणून. सहा महिने झाले की पूर्ण उकडलेलं अंडं, पिवळं-पांढरं दोन्ही, थोडं थोडं कुस्करून देता येतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन. सात-आठ रुपयाची वस्तू आहे. त्याच घरात रोज पाच-पाच रुपयाच्या दोन पुड्या येतात लहानग्याला गप्प करायला. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यापासूनच्या मुलांना अंडी किंवा केळी देतात, सरकारला पण कळलंय की अंडं कामाचं आहे. जे खात नाहीत त्यांच्यावर जबरदस्ती नाही, त्यांनी डाळ, दही, पनीर, दाण्याचं कूट यावर भर द्यावा आणि जास्त वेळा द्यावं.

बिस्कीट. यावर मला राग येतो, खरंच येतो. सकाळी चहात बुडवून ग्लुकोजचं बिस्कीट सात महिन्याच्या बाळाला, आणि वर कौतुक की बघा कसा खातो. पुड्यावर छापलेलं असतं, १०० ग्रॅममधे पंचवीसेक ग्रॅम साखर. चहामुळे खाण्यातलं लोह अंगी लागत नाही. दोन बिस्किटात भूक मेली की वरण-भाताला तोंड लावत नाही, मग आई म्हणते हा काही खातच नाही, म्हणून परत बिस्कीट. हे चक्र घराघरात आहे. पहिलं वर्षभर मीठ नावाला, साखर-गूळ तर दोन वर्ष लागतच नाही, बाळाला गोडाची ओढ आपणच लावतो. आणि मध एक वर्षाच्या आत चाटवूच नका, अगदी जन्मल्यावर सुद्धा नाही, गुटीत सुद्धा नाही, मधात काही जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि त्याने बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होतो, अंग ढिलं पडतं. मोठ्यांना तोच मध काही करत नाही म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही.

डब्यातलं तयार खाणं. १९९२ चा कायदा आहे आपल्याकडे, २००३ मधे तो अजून कडक केला, दोन वर्षाखालच्या मुलांच्या डब्यातल्या खाण्याची आणि दुधाच्या पावडरची जाहिरात करता येत नाही, फुकट सॅम्पल वाटता येत नाही. तरी दवाखान्याच्या कागदावर नाव लिहून मिळतं आणि मोबाईलवर रील येतात. २०२४ मधे बातमी आली होती, तुम्हीही छापली असेल, की एका बड्या कंपनीच्या बाळांच्या तयार खाण्यात भारतात वरून साखर घातलेली सापडली आणि युरोपात विकतात त्यात नव्हती. मी असं म्हणत नाही की प्रवासात, अडचणीत कधी डबा उघडला तर पाप झालं. पण आई दिवसभर राबून तीन-चारशे रुपये त्या डब्यावर घालते आणि घरात डाळ शिजलेली असते, हे बघवत नाही.

उष्टावण. चांगला सोहळा आहे, मामाने चांदीच्या वाटीतून खीर भरवायची, बाळाला नवे कपडे, सगळं व्हावं. पण त्या तारखेला बाळाचं पोट बांधून ठेवू नका. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात अशी रीत आहे, म्हणून मुलीला कुठे पाचव्यातच सुरू करतात नाहीतर सातवा उजाडू देतात, मग मुहूर्त नाही, मग मामाला सुट्टी नाही, मग कोणाचं सुतक, असं करता करता आठवा महिना लागतो आणि बाळ नुसत्या दुधावर. १८० दिवस झाले की त्याच आठवड्यात घरात साधेपणाने सुरू करा, कार्यक्रम नंतर कधीही करा. देवाला काही वाईट वाटणार नाही.

नोकरीवाल्या मुलींचं उलट होतं, त्या लवकर सुरू करतात. २०१७ पासून २६ आठवडे पगारी रजा आहे, हिशोबाने १८२ दिवस, म्हणजे सहा महिने बरोबर बसतात, पण त्यातले ८ आठवड्यापर्यंत बाळंतपणाआधीच जातात, मग बाळ चार-पाच महिन्याचं असताना ड्युटी जॉईन. सासूबाई म्हणतात आतापासून सवय लाव. त्यापेक्षा दूध स्वच्छ स्टीलच्या भांड्यात काढून झाकून फ्रीजमधे ठेवलं तर दिवसभर चालतं आणि वाटी-चमच्याने पाजता येतं. बाटली नको, बाटली कितीही धुतली तरी चोखणीत घाण राहते आणि जुलाब तिथूनच सुरू होतात.

जुलाबाचं निघालं म्हणून, दात येताना जुलाब होतातच असं समजून लोक बसून राहतात. त्या वयात बाळ रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं, वरचं पाणी-खाणं सुरू झालेलं असतं, म्हणून होतात. त्यात पोटाला आराम म्हणून खाणं बंद करतात, हे तर फार वाईट. अंगावर पाजत राहायचं, ओआरएस द्यायचं, झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण, आणि मऊ खाणं चालूच. बरं वाटल्यावर एक जेवण जास्त द्यायचं म्हणजे गेलेलं वजन भरून येतं. आणि लोहाचं औषध, सहा महिन्यापासून आठवड्यातून दोनदा एक मिली, आशाताई बाटली देतात, ती फळीवर धूळ खात असते कारण शी काळसर झाली की आई घाबरून बंद करते. काळी शी होणारच, औषध चालू ठेवा.

आता ज्यांच्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले त्यांच्याबद्दल. आमच्या भागात कारखाने आहेत, दिवाळीच्या आसपास बीड, जालना, परभणीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेले, नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बाईला सुट्टी नाही, ओली बाळंतीण पण फडात. दिवाळीला जे बाळ पाच-सहा महिन्याचं असतं त्याचे खाणं शिकायचे सगळे महिने कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत जातात. पहाटे अंधारात आई निघते, भाकरी रात्रीचीच, बाळ पाचटावर कापड टाकून ठेवलेलं, शेजारी सात-आठ वर्षाची बहीण सांभाळायला, तिची शाळा बुडालेली. तिच्या हातात बिस्किटाचा पुडा. दुपारपर्यंत तेच. मी अशा आयांशी बोलले आहे, त्यांना सगळं कळतं, त्यांना अक्कल शिकवायची गरज नाही. एक जण म्हणाली, बाई, वरण शिजवायला चूल कधी पेटवू ते सांगा. यावर मी काय बोलणार.

तरी जे जमतं ते सांगत होते, भाकरीचा मऊ पापुद्रा काढून गरम पाण्यात भिजवायचा, अगदी बारीक दाण्याचं कूट, थोडं तेल, बोटाने कुस्करून निघायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा भरवायचं, केळं मिळालं तर केळं. पण हे आईच्या एकटीच्या बळावर नाही होणार. तिचा टीएचआर, म्हणजे बाळासाठी घरी न्यायचा शिधा, गावाकडच्या अंगणवाडीत, बाळ इथे. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमधे नाव इकडे फिरवता येतं, पण त्यासाठी तिला माहिती पाहिजे, मोबाईल नंबर चालू पाहिजे, इथल्या अंगणवाडीपासून कोप्या दोन-तीन किलोमीटरवर असतात आणि सेविकेवर आधीच गावचा बोजा. कारखान्यांनी कोप्यांजवळ हंगामापुरतं एक पाळणाघर चालवलं, सकाळी दहाला आणि दुपारी दोनला बाळांना खिचडी आणि एक अंडं भरवलं, तर खर्च कितीसा येणार? ज्यांच्या जिवावर गाळप होतं त्यांची ही बाळं आहेत. शिवाय आशाताईंना तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरभेट द्यायची असते, त्या भेटींमधे कोप्या मोजल्या जाव्यात, एका भेटीचे पन्नास रुपये मिळतात आणि फडापर्यंत जायचं पेट्रोलच तेवढं जातं, हे पण कोणीतरी वर सांगायला पाहिजे.

पुरुष मंडळींना एक सांगणं आहे. बाळाला भरवणं बायकांचं काम म्हणून तुम्ही बाजूला राहू नका. बाळ हळू खातं, अर्धा तास लागतो, त्याच्याशी बोलत, डोळ्यात बघत भरवावं लागतं, मोबाईल पुढे धरून किंवा गाल दाबून नाही. तो अर्धा तास आईकडे नसतो तेव्हा तुमच्याकडे असतो. अंडी, केळी, तूप घरात आणायचं की पुड्या आणायच्या हे पण बहुतेक तुम्हीच ठरवता.

संपादक साहेब, तुमच्याकडे माझी मागणी दोन गोष्टींची. रविवारच्या पुरवणीत बिर्याणीच्या, केकच्या रेसिपी असतात, त्याच पानावर हाताएवढ्या चौकटीत दर आठवड्याला एक बाळाची वाटी छापा, सातव्या महिन्याची, नवव्या महिन्याची, वर्षाची, घरात असतं त्याच सामानातली, मी लिहून द्यायला तयार आहे, पैसे नकोत. आणि दुसरी, हंगाम सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत. तुमचा वार्ताहर गाळपाच्या शुभारंभाला जातोच, मोळी टाकतानाचा फोटो छापून येतोच, त्याच दिवशी त्याला दोन किलोमीटर पुढे कोप्यांवर पाठवा आणि तिथल्या आयांना बाळाने सकाळपासून काय खाल्लं ते विचारायला सांगा, आणि ते उत्तर शुभारंभाच्या बातमीशेजारीच छापा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. कोरेगाव, जि. सातारा